बॅटरी भाड्याने, गाडी मालकीची: सही करण्यापूर्वी मांडायचा हिशेब

विजेवरच्या मोटारीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा बॅटरीचा असतो. पुण्यातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ही गाडी महाग वाटते ती मुख्यतः त्यामुळेच, कारण पुढच्या आठ-दहा वर्षांच्या इंधनाचा बराचसा खर्च आपण पहिल्याच दिवशी एकरकमी भरत असतो. ही बॅटरी गाडीच्या किमतीतून वेगळी काढून तिचे भाडे किलोमीटरमागे आकारायचे, ही कल्पना आता आपल्या बाजारात रुळू लागली आहे. सप्टेंबर २०२४मध्ये एमजीने विंडसर ही गाडी बॅटरीशिवाय ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये अशा दराने आणली. बॅटरीसह तिची किंमत साधारण साडेतेरा लाखांपासून सुरू होत होती. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्याच वेव्ह मोबिलिटी या कंपनीने ईवा ही छोटी गाडी ३.२५ लाख रुपये आणि किलोमीटरला दोन रुपये या दराने जाहीर केली.

पुणेकरांना हे तत्त्व तसे अनोळखी नाही. २०१९पासून पीएमपीएमएल या शहर बससेवा महामंडळाच्या ताफ्यात आलेल्या विजेवरच्या बस ठेकेदाराच्या मालकीच्या असतात आणि महामंडळ त्याला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे देते. फरक एवढाच की महामंडळाला रोजचे किलोमीटर आधीच ठाऊक असतात, तर घरगुती ग्राहकाला ते बहुधा ठाऊक नसतात. म्हणून पहिले काम शोरूममध्ये जाण्याचे नसून वही उघडण्याचे आहे.

सध्याच्या गाडीच्या मीटरवरचा आकडा महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवावा आणि असे किमान तीन महिने करावे. त्यातला एखादा महिना गावी जाण्याचा असेल तर उत्तमच. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवरही किलोमीटरची नोंद असते, त्यावरून वर्षाची सरासरी काढता येते. अंदाजाने आकडा धरू नये, कारण पुढचा सगळा हिशेब याच एका आकड्यावर उभा आहे.

समजा, कोथरूडहून हिंजवडीला नोकरीसाठी जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर होतात. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८८० आणि रविवारची फेरी धरून साधारण १,००० किलोमीटर होतील. साडेतीन रुपयांच्या दराने बॅटरीचे भाडे ३,५०० रुपये यायला हवे. परंतु अशा योजनांमध्ये दरमहा किमान किलोमीटरची अट असू शकते. विंडसरच्या बाबतीत बॅटरी भाड्याने देणाऱ्या काही वित्तसंस्थांनी ती १,५०० किलोमीटर ठेवली होती. म्हणजे गाडी हजार किलोमीटर चालली तरी ५,२५० रुपये द्यायचे, आणि प्रत्यक्ष दर किलोमीटरला सव्वापाच रुपये पडतो. विजेच्या एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर आणि युनिटचा दर दहा रुपये धरला, तर विजेचा दीड रुपया त्यात मिळवून पावणेसात रुपये होतात. लिटरला १०४ रुपये दराचे पेट्रोल भरून पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे सुमारे सात रुपये लागतात. ज्या बचतीसाठी विजेवरची गाडी घ्यायची, ती बचतच इथे जवळजवळ नाहीशी होते. याउलट चाकण, रांजणगाव अशा फेऱ्या करत महिन्याला दोन हजार किलोमीटर जाणाऱ्या माणसाला तोच खर्च पाच रुपयांच्या आसपास पडतो आणि दरमहा चार हजार रुपये वाचतात. त्यामुळे जाहिरातीतला प्रति किलोमीटर दर पाहण्याआधी किमान किलोमीटरची अट विचारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतर बॅटरी विकत घेण्याचा हिशेब शेजारी मांडावा. विंडसरच्या दोन किमतींतल्या साडेतीन लाखांच्या फरकासाठी नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता सुमारे ७,२६५ रुपये येतो आणि एकूण परतफेड ४ लाख ३६ हजारांच्या घरात जाते. या रकमेला साडेतीन रुपयांच्या भाड्याने भागले की सुमारे सव्वा लाख किलोमीटर येतात. पाच वर्षांत इतके चालणार असेल तर बॅटरी विकत घेणेच योग्य, कारण हप्ते संपल्यावर ती आपली राहते. त्याहून कमी चालणार असेल आणि किमान किलोमीटरची अट नसेल, तर भाड्याचा पर्याय गंभीरपणे तपासावा. कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी कलम ८०ईईबीची सवलत ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. कोणी ती हिशेबात धरून दाखवली तर ती वगळावी. विजेवरच्या गाडीवरचा जीएसटी मात्र ५ टक्केच आहे.

आकडे जुळल्यावर करार घरी आणून सावकाश वाचावा. जुलै २०२४मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, हे आपण विसरलेलो नाही. नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने बॅटरीचा विमा कोणाच्या नावावर आहे, पुराचे पाणी शिरल्यास भरपाई कोणाला मिळते आणि तोपर्यंत भाडे थांबते का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मुदत संपल्यावर बॅटरी कोणाची, भाडे दरवर्षी वाढणार का आणि मुदतीआधी गाडी विकली तर करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, हेही कागदावर दिसले पाहिजे. वॉरंटी फक्त पहिल्या मालकापुरती असेल, तर पुनर्विक्रीची किंमत घसरते.

बॅटरीचा मालक टिकेल का, हा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. शाई अगासी यांनी २००७मध्ये स्थापन केलेल्या बेटर प्लेस या कंपनीने इस्रायलमध्ये हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली होती. गाडी ग्राहकाची, बॅटरी कंपनीची आणि ती काही मिनिटांत बदलून देणारी केंद्रे रस्त्याकडेला, अशी ती रचना होती. सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल उभे राहूनही गाड्या अपेक्षेपेक्षा फारच कमी विकल्या गेल्या, बदलता येणारी बॅटरी असलेले एकच मॉडेल उपलब्ध राहिले आणि मे २०१३मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून कंपनी बंद पडल्यास बॅटरी ठरलेल्या किमतीत विकत घेण्याचा हक्क आपल्याला आहे का, ते पाहावे. तसे कलम नसेल तर मी सही करणार नाही.

ज्यांना दोन-तीन वर्षांपुरतीच गाडी हवी, त्यांच्यासाठी संपूर्ण गाडी मासिक शुल्कावर घेण्याचा मार्ग असतो. २०२०मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्ही अशा पद्धतीने दिली, तेव्हा ३६ महिन्यांच्या योजनेचे शुल्क दरमहा ४१,९०० रुपयांपासून होते. बदलीची नोकरी असेल किंवा आपण जिथे नोकरी करतो ती कंपनी हे शुल्क देत असेल तर हे सोयीचे. एरवी इतक्या रकमेत गाडी स्वतःची होऊ शकते.

शेवटची तयारी सोसायटीतली आहे, आणि ती गाडी नोंदवण्याआधी करावी, कारण घरी चार्जिंग झाले नाही तर युनिटचा दर वाढून वरचा सगळा हिशेब बदलतो. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. सोसायटीच्या सचिवांना अर्ज द्यावा, त्यात स्वतःच्या पार्किंगचा क्रमांक आणि मीटरच्या खोलीपासूनचे अंतर लिहावे, केबलचा खर्च स्वतः करण्याची तयारी नमूद करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. केबलचे अंदाजपत्रक परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घेऊन ती रक्कम गाडीच्या किमतीत मिळवावी.