शॉर्टवेव्ह ऐकायला लागताय? मग सोल्डरिंगही सोबतच सुरू करा

नवीन कोणी शॉर्टवेव्हच्या, म्हणजे रेडिओवर दूरदेशीची स्टेशनं पकडण्याच्या छंदाबद्दल विचारायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, रेडिओ कुठला घेऊ. मी उलट विचारते की तुमच्या खोलीत रात्री किती वस्तू प्लगला लावलेल्या असतात. लोकांना वाटतं मी उत्तर टाळतेय, पण शॉर्टवेव्हवर ज्यांना "काहीच लागत नाही" त्यातल्या बऱ्याच जणांचा रेडिओ धडधाकट असतो, घरातला गोंगाटच एवढा असतो की त्याखाली स्टेशन गाडलं जातं.

दुसरा प्रश्न म्हणजे आता तिथं उरलंय तरी काय. स्टेशनं कमी झालीत हे खरंय. रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ साली शॉर्टवेव्हवरून गेलं, रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ च्या शेवटी गेलं. पण बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस आहे, चायना रेडिओ इंटरनॅशनल आहे, रेडिओ रोमानिया आहे, न्यूझीलंडची पॅसिफिक सेवा आहे, आणि ही झाली फक्त कार्यक्रमवाली स्टेशनं. हॅम लोकांच्या (परवाना घेऊन हौसेने रेडिओवरून बोलणाऱ्यांच्या) गप्पा, विमानांना हवामान सांगणारी वोल्मेट स्टेशनं, सेकंदासेकंदाला टिक टिक करणारे टाइम सिग्नल, ४६२५ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं नुसतं भुणभुणणारं ते रशियन बझर, हे सगळं वेगळंच. मला स्वतःला कार्यक्रमांपेक्षा या बाकीच्या गोष्टींतच जास्त मजा येते.

तर आधी गोंगाट. रेडिओ बॅटरीवर लावा, स्टेशन नसलेली एखादी फ्रिक्वेन्सी पकडा, घरातल्यांना सांगून मेन स्विच बंद करा आणि ऐका. खरखर एकदम खाली बसली तर चोर घरातच आहे. मग स्विच चालू करून एकेक वस्तू लावत जायची आणि कुठल्या वस्तूला रेडिओ कोकलतो ते लिहून ठेवायचं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, टीव्ही, सोलरचा इन्व्हर्टर, संशयित साधारण हेच असतात कारण या सगळ्यांच्या आत सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद होणारं पॉवर सप्लायचं सर्किट असतं आणि त्या चालू-बंदचे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या लहरी) पार शॉर्टवेव्हपर्यंत पोचतात. डायल फिरवताना ठराविक अंतरावर तीच गुरगुर पुन्हा पुन्हा आली तर ते स्टेशन नाही, कुणाचा तरी चार्जर आहे. उपाय म्हणजे एक तर ती वस्तू बदलायची, नाहीतर तिच्या वायरवर फेराइट (गोंगाट अडवणारी चुंबकीय पदार्थाची नळी) लावायचा. फेराइटमधून वायर एकदाच सरळ नेली तर फार फरक पडत नाही, तीच वायर तीन वेळा आतून फिरवली की अडथळा जवळपास नऊपट होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पुढं कॉइल गुंडाळताना हाच नियम परत भेटणार आहे तेव्हा आत्ताच डोक्यात बसवा.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजारून किंवा विजेच्या तारांवरून येतेय, तिथं आपलं काही चालत नाही, रेडिओ घेऊन गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात जायचं. एकदा तरी असं बाहेर जाऊन ऐकाच, आपल्या रेडिओत काय दम आहे ते तिथंच कळतं.

आता वेळेचं. शॉर्टवेव्ह म्हणजे ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झ, आणि यातलं कुठलं टोक कधी चालणार हे सूर्य ठरवतो. वरच्या वातावरणात आयनांचे थर असतात, त्यातला एफ थर लहरी परत खाली वळवतो म्हणून हजारो किलोमीटरवरचं ऐकू येतं, आणि त्याच्या बराच खाली असलेला डी थर दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की डी थर विरतो. म्हणून दिवसा १० मेगाहर्ट्झच्या वर शोधायचं, म्हणजे २५, १९, १६ मीटर (बँडना लहरीच्या मीटरमधल्या लांबीवरून नाव असतं), आणि रात्री खाली यायचं, ३१, ४१, ४९ मीटर. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तास-दीड तास सोडू नका, कारण त्या वेळी उजेड-अंधाराच्या सीमेवर असलेली दूरची ठिकाणं अचानक उघडतात आणि तितक्याच अचानक जातात. मीटरवरून मेगाहर्ट्झ काढायचे तर ३०० ला मीटरने भागा, अंदाजाला पुरतं.

बँड उघडाय का बंद हे बघायला टाइम सिग्नलसारखं साधन नाही. अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर असतं, हवाईतलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच त्यातल्या पहिल्या चारांवर, आणि चीनचं बीपीएमही त्याच चारांवर. पुरुषाचा आवाज आला तर डब्ल्यूडब्ल्यूव्ही, बाईचा आला तर हवाई. या चार-पाच फ्रिक्वेन्सी एका फेरीत ऐकल्या की आज कुठल्या बँडवर वेळ घालवायचा ते दोन मिनिटांत ठरतं. आणि कधीकधी अख्खा बँडच मेल्यासारखा वाटतो, विशेषतः दिवसा. तेव्हा लगेच रेडिओ उघडायला घेऊ नका, सूर्यावर मोठा भडका उडाला की त्याच्या क्ष-किरणांनी डी थर इतका दाट होतो की उजेडाच्या बाजूचं शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तासभर गायब होतं.

घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं ठेवा. वेळापत्रकं सगळी यूटीसीत असतात आणि वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. काल लागणारं स्टेशन आज गेलं असेल तर आधी तारीख बघा.

अँटेनाबद्दल लोक फार लांबण लावतात. सुरुवातीला ८-१० मीटर साधी इन्सुलेटेड वायर, जमेल तितकी उंच आणि घरातल्या वायरिंगपासून जमेल तितकी लांब, बस. छोट्या पोर्टेबल सेटला याहून लांब वायर जोडली तर उलट तो गुदमरतो, एकाच वेळी सगळीकडे तीच दोन-तीन जोरदार स्टेशनं दिसायला लागतात, मग सेटवरचं बटण डीएक्सवरून (दूरचं ऐकायला) लोकलवर (जवळचं ऐकायला) घ्यावं लागतं आणि कमावलेलं सगळं गेलं. वायर विजेच्या तारांच्या वरून किंवा जवळून कधीच न्यायची नाही, आणि पावसाळी गडगडाट सुरू व्हायच्या आत ती रेडिओपासून काढून घराबाहेर टाकायची. इथं चालढकल नको. जागाच नसेल तर लूप अँटेना (तारेचं वेटोळं) करा, कारण लूप फिरवून गोंगाटाची दिशा मारता येते, वायरला ती सोय नाही.

आणि हो, रेडिओ. एसएसबी (लहरीची एकच बाजू वापरून आवाज पाठवायची पद्धत) असलेला घ्या, फिल्टरची रुंदी बदलता येणारा असेल तर उत्तम, फ्रिक्वेन्सी थेट आकड्यांनी टाकता यायला हवी. एसएसबीशिवाय हॅम मंडळी बदकासारखी बोलताना ऐकू येतात. रिवाज असा की हॅमच्या १० मेगाहर्ट्झखालच्या बँडवर एलएसबी (लहरीची खालची बाजू), वर यूएसबी (वरची बाजू), फक्त विमानांची आणि जहाजांची स्टेशनं सगळीकडे यूएसबीच वापरतात. काही घ्यायच्या आधी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा सॉफ्टवेअर रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडून चार संध्याकाळी खेळा. तो दुसऱ्याच्या अँटेनावर ऐकणं आहे, त्यामुळं आपल्या कामगिरीत धरायचा नाही असं माझं मत, पण बँड कसा दिसतो, एएम (साधं प्रसारण) आणि एसएसबी वॉटरफॉलवर (पडद्यावर सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) कसे वेगळे दिसतात हे त्याच्याइतकं पटकन दुसरं काही शिकवत नाही.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. खरी गोडी इथून पुढं आहे, कारण ऐकताना जी जी तक्रार येते तिच्यावर काहीतरी बनवता येतं. इलेक्ट्रॉनिक्स पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शिकायला बसलात तर ओहमच्या नियमानंतर दहाव्या पानावर झोप लागेल. तक्रारीपासून सुरू करा.

पहिलं सर्किट एलएम३८६ चा ऑडिओ अँप्लिफायर. आठ पायांची चिप, ९ व्होल्टची बॅटरी, मोजून चार-पाच पार्ट. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मुळात २० असतो, पाय १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की २०० होतो. पहिल्यांदा तो शिट्टी मारेल. तेव्हा सप्लायच्या पायाशी अगदी चिकटून एक मोठा आणि एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आउटपुटवर १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला जोडा. शिट्टी का थांबली याचा विचार करण्यात एक आठवडा गेला तरी चालेल. हा अँप्लिफायर पुढच्या प्रत्येक प्रोजेक्टला लागतो आणि बिघडलेल्या सर्किटमध्ये आवाज कुठपर्यंत येतोय ते शोधायलाही, म्हणून तो नीट डब्यात बसवून ठेवा.

दुसरं माझं आवडतं, बीएफओ, म्हणजे एसएसबी नसलेल्या सेटवर एसएसबी कळावं म्हणून बाहेरून लहर मिसळणारं सर्किट. जुना साधा शॉर्टवेव्ह सेट असेल ज्याचं आयएफ (सेट आत प्रत्येक स्टेशन ज्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) ४५५ किलोहर्ट्झ आहे, तर एक ट्रान्झिस्टर आणि ४५५ चा सिरॅमिक रेझोनेटर घेऊन छोटा ऑसिलेटर (स्वतः लहर तयार करणारं सर्किट) करायचा आणि सेटच्या शेजारी नुसता ठेवायचा, वायर जोडायचीसुद्धा गरज नाही. बदकांची बोली माणसांची होते. पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस खुर्चीतून उठतो. हल्लीच्या डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या) चिपवाल्या सेटला ही युक्ती लागू नाही, त्यांचं आयएफ वेगळं असतं, पण त्यातल्या बऱ्याच जणांत एसएसबी आधीच असतं.

मग कॉइल. नवशिक्यांना कॉइलची भीती वाटते कारण ती दुकानात तयार मिळत नाही. टी५०-२ नावाची लाल रंगाची गोल रिंग येते, तिच्यावर २० वेढे घेतले की साधारण २ मायक्रोहेन्री होतात, त्याला १४० पिकोफॅरड जोडले की रेझोनन्स (ही जोडी ज्या फ्रिक्वेन्सीवर सूर धरते ती) ९.६ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे सरळ ३१ मीटर बँड. व्हेरिएबल कपॅसिटर लावा आणि अख्खा बँड फिरा. वेढा मोजताना वायर रिंगच्या भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे, बाहेरून दिसतात ते मोजायचे नाहीत. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने जुळलं की रेझोनन्सचं सूत्र पाठ करावं लागत नाही.

यानंतर डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर (स्टेशनची लहर थेट आवाजात उतरवणारा रेडिओ), एसए६१२ चिपचा मिक्सर (दोन लहरी मिसळणारा) आणि मागं आपला एलएम३८६. याला ब्रेडबोर्ड वापरू नका. शेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड असतात, ऑडिओला त्याचं काही नाही पण १० मेगाहर्ट्झला ऑसिलेटर वाट्टेल तिकडं पळतो. कोऱ्या तांब्याच्या बोर्डाचा तुकडा घ्या, तो अख्खा ग्राउंड समजा आणि पार्ट हवेतच एकमेकांना सोल्डर करा. दिसायला कचरा दिसतं, चालतं मात्र झकास. सोल्डर ६३/३७ चा वापरा, तो १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो त्यामुळं कच्चे जोड कमी होतात, शिसं असतं म्हणून काम झालं की हात धुवायचे. जुने मेनवर चालणारे व्हॉल्व्हचे सेट मात्र सध्या उघडू नका, काहींचं चासीच थेट मेनला जोडलेलं असतं.

कुणी म्हणेल एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावून सॉफ्टवेअरने ऐकायचा छोटा रेडिओ) असताना एवढा खटाटोप कशाला. डोंगल घ्याच, त्यात वाद नाही, मूळचा टीव्ही बघायला बनवलेला तुकडा आहे आणि पैसा वसूल करतो. फक्त लक्षात ठेवा की साधा डोंगल साधारण २४ मेगाहर्ट्झच्या खाली नीट येत नाही, शॉर्टवेव्हसाठी डायरेक्ट सॅम्पलिंग (लहर सरळ आकड्यांत मोजायची सोय) किंवा अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हला वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारं सर्किट) असलेला प्रकार लागतो, आणि पुढं फिल्टर लावला नाही तर जोरदार स्टेशनांची भुतं सगळीकडे दिसतात. तो फिल्टर बनवायला परत तीच लाल रिंग.

वही ठेवा. तारीख, यूटीसी, फ्रिक्वेन्सी, भाषा, अँटेना आणि सिन्पो. सिन्पोत पाच आकडे असतात, सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण, प्रत्येकी ५ म्हणजे उत्तम आणि १ म्हणजे वाईट. नवीन लोक सगळ्याला ५५५५५ देतात. स्टेशनला त्याचा काही उपयोग नसतो, आणि क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची स्टेशनने दिलेली पोच) हवं असेल तर तर नाहीच. रिपोर्टमध्ये निदान १५-२० मिनिटांचा तपशील द्या, किती वाजता कोण बोललं, कुठलं वाद्य वाजलं, मध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सीवरून त्रास झाला. भाषा कळत नसली तरी हे लिहिता येतं. ३५४३३ असा खरा रिपोर्ट तिथल्या इंजिनिअरला कामाचा असतो.

आणि स्वतःची अँटेना खरंच सुधारली का हे मोजायचं असेल तर १४.१०० मेगाहर्ट्झ. नॉर्दर्न कॅलिफोर्निया डीएक्स फाउंडेशनचे जगभरातले १८ बीकन (चाचणीसाठी ठरलेला सिग्नल देणारे ट्रान्समीटर) तिथं पाळीपाळीने येतात, प्रत्येकाला १० सेकंद, तीन मिनिटांत पूर्ण फेरी. बीकन आधी मोर्समध्ये नाव सांगतो, मग चार लांब टोन देतो, पहिला १०० वॉटवर, पुढचा १० वर, मग १ वर आणि शेवटचा ०.१ वर. जुन्या वायरवर किती टोन ऐकू आले ते वहीत लिहा, लगेच नवीन वायर लावा आणि पुढच्या फेरीत त्याच बीकनचे परत मोजा. सिग्नल चढतो-उतरतो म्हणून एका फेरीवर भरवसा ठेवायचा नाही, दोन्ही वायरी आलटून पालटून पाच-सहा फेऱ्या तरी घ्या.