ऋतू हेच खेळणे: दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरचे उपक्रम आणि छोटी पार्टी

लहान मुलांची पार्टी ठरली की आपण मोठी माणसे आदल्या रात्री जागून झालरी चिकटवतो आणि दुसऱ्या दिवशी मुले झालरींकडे ढुंकूनही न पाहता रिकाम्या खोक्यात शिरून बसतात. या वयाच्या मुलाला ज्या गोष्टीला हात लावता येतो, जी वितळते, भिजते, सांडते किंवा डोळ्यांदेखत नाहीशी होते, तीच खरी वाटते. आणि अशा गोष्टी ऋतू आयत्याच आणून देतो. त्यामुळे पुढे सुचवलेल्या बहुतेक उपक्रमांचे सूत्र एकच आहे: बाहेर ऊन, पाऊस किंवा थंडी जे काही घडवत असेल, ते मुलाच्या हाती द्यायचे. यातला प्रत्येक उपक्रम एकट्या मुलासोबत सुटीच्या दुपारी करता येतो आणि पाच-सहा मुले जमली तर त्याचीच पार्टी होते.

उन्हाळ्याची सुरुवात बर्फापासून करावी. रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात खेळण्यातले प्राणी गोठवून ठेवायचे आणि मुलांनी त्यांची ‘सुटका’ करायची, असा हा खेळ आहे. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा डबा एकदम काठोकाठ भरला; सकाळी पाहिले तर सगळे प्राणी वर तरंगून एकाच थरात गोठले होते आणि झाकण निखळून पडले होते. प्लॅस्टिकची हलकी खेळणी तरंगतात आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण ऐन वेळी आठवल्या नाहीत. म्हणून डबा आधी निम्मा भरून गोठवावा, त्यावर खेळणी मांडून ती जेमतेम बुडतील एवढे पाणी घालून पुन्हा गोठवावा आणि मग उरलेला भरावा. वर दोन बोटे जागा मोकळी ठेवावी आणि काचेचे भांडे मुळीच वापरू नये. या थरांना बराच वेळ लागतो, त्यामुळे तयारी आदल्या दिवशी सकाळीच सुरू करावी.

फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ ओल्या बोटांना चिकटतो. तो बाहेर दहा मिनिटे ठेवून, वरचा भाग ओलसर चकचकीत दिसू लागल्यावरच मुलांपुढे पसरट टबमध्ये द्यावा. सोबत कोमट पाण्याची वाटी, चमचे, स्पंज आणि चिमूटभर मीठ असावे. मिठाने बर्फात खळगे आणि बोगदे पडताना पाहणे हा या खेळातला सर्वांत सुंदर भाग आहे, परंतु मीठ मोठ्यांनीच घालावे, कारण मीठ आणि बर्फ यांच्या मिश्रणाचे तापमान शून्य अंशाच्या खाली जाते आणि ते हातात धरून ठेवल्यास त्वचेला इजा होऊ शकते. तीन वर्षांखालील मुले असतील तर गोठवायची वस्तू त्यांच्या मुठीपेक्षा मोठी हवी, म्हणजे ती तोंडात जाण्याचा धोका राहत नाही.

ज्या दिवशी एवढी तयारी जमणार नाही, त्या दिवशी एक रुंद ब्रश आणि पाण्याची छोटी बादली पुरते. मुलाला तापलेल्या फरशीवर किंवा भिंतीवर नुसत्या पाण्याने चित्र काढू द्यावे. चित्राचा शेवट होईपर्यंत त्याची सुरुवात वाळून गेलेली असते, आणि ‘पाणी कुठे गेले?’ हा प्रश्न मूल आपणहून विचारते. उत्तराची घाई करू नये. सावलीत तसेच दुसरे चित्र काढून कोणते आधी जाते ते पाहायला सांगावे. सावलीचा आणखी एक खेळ दिवसभर पुरतो: सकाळी मुलाला अंगणात किंवा गच्चीवर उभे करून त्याच्या सावलीची कडा खडूने रेखायची, पावलांची जागाही आखून ठेवायची आणि दुपारी व संध्याकाळी त्याच पावलांवर उभे करून पुन्हा रेखायची. भर दुपारी सावली सर्वांत आखूड असते, म्हणून मधली रेखाटणी दोन मिनिटांत उरकून मुलाला आत आणावे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे आधीच बजावलेले बरे.

पावसाळ्यात घरात कोंडलेल्या मुलांसाठी सर्वांत गमतीचा उपक्रम पिठाचा आहे. पसरट ताटात चाळलेल्या पिठाचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, वर झाकण ठेवावे, पावसात जाऊन झाकण दोन-तीन सेकंद उघडावे आणि लगेच परत यावे. प्रत्येक थेंबाभोवती पिठाची एक गोळी तयार झालेली असते. ताट काही तास वाळू दिले आणि पीठ हलक्या हाताने चाळले की चाळणीत थेंबांच्या गोळ्या उरतात: काही मोहरीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. रिमझिम आणि मुसळधार पावसाच्या गोळ्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवल्या की चार वर्षांचे मूलही त्यांतला फरक सांगते. ही युक्ती जुनी आहे. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकेतील शेतकरी विल्सन बेंटली यांनी पावसाच्या थेंबांचे आकार मोजण्यासाठी पिठाचाच उपयोग केला होता आणि आपली निरीक्षणे १९०४ साली प्रसिद्ध केली होती. कच्चे पीठ पोटात जाणे चांगले नाही, म्हणून खेळानंतर हात धुवावेत आणि गोळ्या चाखण्याचा मोह आवरायला शिकवावा.

पाऊस मोजणेही तितकेच सोपे आहे. सरळ बाजू असलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा निमुळता भाग मोठ्यांनी कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावावी. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून तळाशी खडे टाकून त्यांच्या वरपर्यंत पाणी भरावे आणि तेथे शून्याची रेघ मारून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. लहानग्यांना हा हिशेब कळणार नाही, परंतु रोज सकाळी जाऊन रेघ पाहणे आणि कागदावर तेवढी निळी पट्टी रंगवणे त्यांना मनापासून आवडते. कागदी होड्या तर करायच्याच असतात. त्या करण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी मेणाच्या खडूंनी दाट रंगवला तर होडी लवकर भिजून बसत नाही. थबकलेल्या पावसात डबक्याच्या कडेने खडूची रेघ मारून ठेवावी आणि तासाभराने पुन्हा पाहावे, म्हणजे डबके आटताना दिसते.

पावसात भिजण्याला माझा विरोध नाही, पण मेघगर्जना ऐकू आली की खेळ तेथेच थांबवून सर्वांनी घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. अंगावरचे ओले कपडे लगेच बदलता यावेत यासाठी टॉवेल आणि कोरडे कपडे दाराशीच काढून ठेवावेत.

पाने गळण्याच्या दिवसांत बागेतला फेरफटका हाच अर्धा उपक्रम होतो. प्रत्येक मुलाच्या मनगटाला रुंद चिकटपट्टी, चिकट बाजू बाहेर येईल अशी, सैलसर गुंडाळावी. जे पान किंवा पाकळी आवडेल ती तेथेच चिकटवायची, म्हणजे पिशवी सांभाळण्याचा प्रश्न मिटतो. झाडावरून काही तोडायचे नाही आणि तोंडात घालायचे नाही, हे दोनच नियम ठेवावेत. कण्हेरीसारख्या शोभेच्या झाडाचे सर्व भाग विषारी असतात, म्हणून वाटेत कोणती झाडे लागतात हे आपण आधी पाहून ठेवावे. घरी आल्यावर पान उलटे, म्हणजे उठावदार शिरांची बाजू वर ठेवून, त्यावर पातळ कागद घालावा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलकेच घासावा. शिरांचे जाळे हळूहळू उमटते. याला पाने थोडी ओलसर, लवचीक हवीत, वाळलेली पाने चुरगळतात. उरलेली पाने जाड पुस्तकात शोषक कागदांमध्ये दोन आठवडे दाबून ठेवली तर हिवाळ्यातल्या पार्टीच्या निमंत्रणांवर चिकटवता येतात.

थंडीत अंधार लवकर पडतो, आणि लहान मुलांच्या दृष्टीने तो मोठाच फायदा आहे: झोपण्याच्या वेळेआधी खरा अंधार मिळतो. दाराच्या चौकटीत पांढरी चादर ताणून बांधावी, तिच्या मागे काही अंतरावर दिवा ठेवावा आणि दिवा व चादर यांच्या मध्ये हातांच्या किंवा पुठ्ठ्याच्या आकृत्या नाचवाव्यात. आकृती दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते आणि चादरीजवळ आणली की लहान व रेखीव होते. एवढे कळल्यावर पाच वर्षांचे मूल स्वतःच राक्षस आणि उंदराची गोष्ट रचू लागते. यासाठी मेणबत्ती नको, विजेरी किंवा एलईडी दिवा घ्यावा. त्या दिव्यात गोल बटणासारखी बॅटरी असेल तर तिचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले असल्याची खात्री करावी, कारण अशी बॅटरी मुलाने गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तसा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

थंडीसाठी मीठ घातलेल्या कणकेचेही काम चांगले: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि लागेल तसे एक वाटीपर्यंत पाणी घालून घट्ट मळावे, पातळ लाटून पानांचे किंवा हातांचे ठसे उमटवावेत, टांगण्यासाठी काडीने भोक पाडावे आणि काही दिवस वाळू द्यावे. या कणकेत मीठ फार असल्याने ती खाण्यासारखी नाही; घरात कुत्रे-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही ती दूर ठेवावी.

यांतल्या कोणत्याही एका उपक्रमाभोवती पार्टी उभी करता येते, आणि ‘एका’ या शब्दावर माझा भर आहे. मुलाच्या वयात एक मिळवावा, तेवढीच मुले बोलवावीत, हा अनेक घरांत पाळला जाणारा नियम मला व्यवहारात योग्य वाटतो; तीन वर्षांच्या मुलासाठी चार पाहुणे पुष्कळ होतात. तीन वर्षांपर्यंत दीड तास आणि त्यापुढे दोन तास पुरेसे आहेत. निमंत्रणात सुरुवातीइतक्याच स्पष्टपणे समाप्तीची वेळ लिहावी, तसेच कोणाला कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे आणि भिजण्याचे, रंगाचे कपडे घालून यायचे आहे का, हेही त्यातच विचारावे व सांगावे. दुपारच्या झोपेच्या वेळेवर पार्टी ठेवण्याची चूक करू नये. झोप मोडलेली पाच मुले कोणत्याही खेळाने सावरत नाहीत.

अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे टप्पे मांडले, त्यांत एकमेकांशेजारी बसून, पण स्वतंत्रपणे खेळण्याचा एक टप्पा आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांमध्ये तो ठळकपणे दिसतो. व्यवहारात याचा अर्थ असा की या वयाच्या पाच मुलांसाठी बर्फाचा एक मोठा ठोकळा ठेवण्याऐवजी पाच लहान डबे गोठवावेत आणि ब्रशही पाच, शक्यतो एकाच रंगाचे घ्यावेत. यजमान मुलाची अत्यंत लाडकी खेळणी आदल्या रात्री त्याच्याच संमतीने कपाटात ठेवावीत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तू दुसऱ्यांच्या हाती पाहणे त्याला जड जाते, आणि त्या दिवशी त्याने उदार असावे ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

मुले एकाच वेळी येत नाहीत. म्हणून दाराशी असे काही मांडून ठेवावे की जे केव्हाही सुरू करता येईल आणि अर्धवट सोडता येईल: जमिनीवर पसरलेला मोठा कागद आणि खडू सर्वांत सोयीचे. सगळे जमल्यावर धावण्याचा एक खेळ, मग मुख्य उपक्रम, मग खाणे आणि शेवटी सावल्यांचा खेळ किंवा गोष्ट, एवढा क्रम पुरतो. हरणारा बाद होतो असे खेळ पाच वर्षांखालील मुलांना रडवतात. संगीतखुर्ची खेळायचीच असेल तर फक्त खुर्च्या कमी कराव्यात, मुले नव्हे. शेवटच्या खुर्चीवर किंवा तिच्याभोवती सर्वांनी मावून दाखवायचे. ज्याला गोंगाट सहन होत नाही अशा मुलासाठी एका कोपऱ्यात उशी आणि दोन पुस्तके ठेवावीत, आणि ते तेथे जाऊन बसले तर त्याला ओढून आणू नये.

खाणे साधे असावे आणि बसूनच खायचे असावे. द्राक्षे आणि तत्सम गोल फळे उभी चिरून द्यावीत. अख्खे दाणे, कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न ही पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. बर्फाचा किंवा पाण्याचा खेळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाकडे फक्त पाण्यावर लक्ष ठेवण्याचे काम द्यावे, फोन आणि गप्पांशिवाय, कारण लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही आवाज न करता बुडू शकते. कितीही मोठी माणसे घरात असली तरी हे काम नाव घेऊन एकाला सांगितलेले नसेल तर ते कोणीच करत नाही, असा माझा अनुभव आहे.

निरोपाच्या दहा मिनिटे आधी ‘आता शेवटचा खेळ’ असे सांगावे, म्हणजे निघताना रडारड कमी होते. भेट म्हणून मुलाने त्या दिवशी केलेलीच वस्तू द्यावी: पानाचा ठसा किंवा स्वतः ओल्या कापसावर पेरलेल्या बियांची वाटी. सगळे गेल्यावर, दमलेले असलो तरी, त्याच संध्याकाळी तीन गोष्टी कराव्यात. फुटलेल्या आणि न फुगवलेल्या फुग्यांचे तुकडे फर्निचरखालूनही वेचून टाकावेत, कारण ते घशात बसले तर श्वास बंद होतो. टब, बादल्या आणि बाटल्या रिकाम्या करून उपड्या ठेवाव्यात, म्हणजे त्यांत डासांची पैदास होत नाही. आणि ज्या दिव्यांत बॅटऱ्या होत्या त्या सर्व मोजून परत डब्यात ठेवाव्यात.