वॉशरचं पाणी काचेवर येईना? थंडीत या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावरून पहाटे गाडी काढणाऱ्यांना समोरच्या काचेचा त्रास ठाऊक आहे. रात्रभर दंव पडलेलं असतं. त्याखाली खाऱ्या वाऱ्याने आणून बसवलेला मिठाचा पातळ थर असतो आणि त्यात रस्त्याची तांबडी धूळ मुरलेली असते. वायपर एकदा फिरवला की हा सगळा राप काचभर पसरतो. अंधारात तो फारसा जाणवत नाही. पण रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी पाली सोडून साखरप्याच्या वाटेला लागते तेव्हा तोंड पूर्वेला असतं. सूर्य समोर वर आला की काच एकदम दुधी होते आणि पुढचं वळणही दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. अशा वेळी वॉशरने पाणी मारलंच पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच ते येत नाही.

बर्फाळ मुलखात वॉशरचं नोझल, म्हणजे काचेवर पाणी फवारणारं तोंड, गोठतं. आपल्याकडे ते तुंबतं. उत्तरेकडे गाडी नेणाऱ्यांसाठी गोठण्याबद्दल शेवटी लिहिलं आहे, पण रोजचा त्रास तुंबण्याचा आहे.

मोटर गेली असं धरून चालणं

पाणी आलं नाही की पहिला निष्कर्ष हाच निघतो. नवी मोटर बसते, पैसे जातात आणि पाणी तरीही येत नाही. आधी कान द्या. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा, खिडकीची काच खाली घ्या आणि वायपरचं लिव्हर ओढा. बारीक घूं असा आवाज आला तर मोटर फिरते आहे. मग टाकी रिकामी आहे, पाइप निसटला आहे किंवा नोझल चोक झालं आहे, या तिघांपैकी एक. बॉनेट उघडून दुसऱ्याला लिव्हर ओढायला सांगा. आतच कुठे पाणी गळताना दिसलं तर पाइप टी-जोडातून सुटला असेल किंवा उंदराने कुरतडला असेल. वाडीत, गोठ्याशेजारी, लाकडांच्या ढिगाजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदराची शक्यता आधी धरावी.

एका बाजूला पाणी येतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर दोष त्या एका नोझलचा किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपच्या तुकड्याचा. मागच्या काचेलाही वॉशर असलेल्या बऱ्याच गाड्यांत एकच मोटर पुढे आणि मागे पाणी देते. मागे धार नीट येत असेल तर मोटरला हात लावायचं कारणच नाही.

आवाजच आला नाही तर आधी फ्यूज पाहा आणि मग मोटरचा कनेक्टर काढा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हा कनेक्टर हमखास बघावा. टाकीच्या तळाशी, बंपरच्या आत, खारी हवा आणि चिखल खात तो बसलेला असतो. टॉर्चच्या प्रकाशात त्याच्या पितळी पिना बघितल्या तर त्यांवर हिरवट भुकटी चढलेली दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, जुन्या दातांच्या ब्रशने ती काढली की कित्येकदा मोटर पुन्हा फिरू लागते.

सुई खुपसणं

ही सगळ्यात महागाची चूक, आणि सगळेच करतात. नोझलचे दोन प्रकार आहेत. एकात बारीक भोकाची छोटी गोळी असते आणि त्यातून सरळ धार निघते. त्यात बारीक, न गंजलेली सुई हलक्या हाताने घालून कचरा मोकळा करता येतो, धारेची दिशाही बदलता येते. दुसऱ्या प्रकारात पाणी पंख्यासारखं पसरून येतं. त्याच्या आत पाण्याला झोके देणारी बारीक वाट प्लास्टिकमध्ये कोरलेली असते. तिथे सुई लागली की ती कड खरवडते, आणि पुढे कितीही साफ केलं तरी पाणी कधीच नीट पसरत नाही. नव्या गाड्यांत हाच प्रकार जास्त दिसतो. तुमचं नोझल कुठलं हे कळत नसेल तर सुई खिशातच राहू द्या.

सुईचा आणखी एक तोटा म्हणजे ती कचरा आत ढकलते. कचरा आला त्याच वाटेने मागे काढायचा असतो. नोझल खालच्या बाजूने मोकळं करा, पाइप काढा, आणि बिनसुईच्या इंजेक्शनने तोंडाकडून उलटं कोमट पाणी मारा. क्षार घट्ट बसले असतील तर सुट्या नोझलला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग साध्या पाण्याने धुवा. भोकाभोवतीची पांढरी खपली त्यात विरघळते. घरात आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आहे म्हणून तो वापरू नका, त्यात मीठ असतं आणि गरही.

पंक्चरवाल्याकडची हवा मारायची असेल तर पाइप आधी नोझलपासून काढा. जोडलेल्या पाइपात तेवढ्या दाबाची हवा गेली की आतले जोड सुटतात आणि एकदिशा व्हॉल्व्ह खराब होतो.

टाकीत मिळेल ते पाणी भरणं

नोझल चोक होण्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. खाडीकाठच्या आणि समुद्रालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातं. ते टाकीत गेलं की भोकाच्या तोंडाशी थेंब सुकतो आणि मीठ मागे राहतं. असे थेंब रोज सुकत राहिले की हळूहळू भोक बुजतं. बोअरच्या जड पाण्याने चुन्याचा थर बसतो. आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी फुकट जाऊ नये म्हणून भरणारेही बरेच आहेत. त्यात तर मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, पण पावसाळ्यानंतर त्यात तांबडा गाळ येतो. ते फडक्यातून गाळून घ्यावं. पत्र्यावरून आलेलं, निवळलेलं पावसाचं पाणी उत्तम, आणि पावसाची कोकणाला काय वाण!

त्या पाण्यात वॉशरचं तयार लिक्विड सांगितलेल्या प्रमाणात घाला. नुसतं पाणी महिनोन्‌महिने राहिलं की टाकीत शेवाळ धरतं आणि त्याचे तंतू थेट मोटरच्या जाळीत अडकतात. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड घालू नका. त्याने काचेवर ओघळ उरतात ते रात्री समोरच्या दिव्यात चमकतात.

टाकीत आधीच गाळ असेल तर नोझल साफ करून काही होणार नाही, चार दिवसांत पुन्हा तेच. टाकी पूर्ण रिकामी करून खळबळून घ्या. मोटर रबरी बूचातून ओढून काढता येत असेल तर तिची जाळीही धुवा.

कोरडी मोटर चालवत राहणं

पाणी येत नाही म्हणून लिव्हर ओढून धरलं जातं. ही मोटर पाण्यानेच गार राहते. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, आणि टाकी रिकामी असताना मुळीच नाही. तुंबलेलं नोझल असंच दाबत राहिलं की साधा त्रास खरोखर मोटरवर जातो.

कोरड्या काचेवर वायपर फिरवणंही तसंच. जांभ्याच्या चिऱ्यांचे ट्रक जिथून जातात त्या रस्त्यांवर काचेवर बसते ती धूळ खरखरीत असते. ती रबराखाली घासली की काचेवर कायमचे कमानीसारखे चरे पडतात. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावलीत तर तुडतुड्यांचा चिकट स्राव काचेवर पडतो. तो वॉशरने निघत नाही, ओल्या फडक्यानेच पुसावा लागतो. म्हणून पाण्याची एक बाटली आणि सुती फडकं पुढच्या सीटखाली असू द्या. पाणी आलं नाही तर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, धोक्याचे दिवे लावून, हाताने काच पुसा. घाटात तर चालत्या गाडीत वाट बघूच नका.

उत्तरेकडे गाडी नेताना

आता आपल्या नंबरच्या गाड्या मनालीला आणि काश्मीरलाही दिसतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. गावच्या विहिरीचं पाणी टाकीत तसंच ठेवून तिथे पोचलात तर ते रात्री गोठतं. गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं आणि त्या जोरात मोटरचं प्लास्टिक, पाइप, कधी टाकीही तडकते. थंड मुलखात शिरण्याआधीच टाकी रिकामी करा आणि उणे तापमानासाठीचं लिक्विड भरा. ते भरून थांबू नका. पाइपात जुनं पाणी उरलेलं असतं, म्हणून नव्या लिक्विडचा रंग काचेवर दिसेपर्यंत थोडं थोडं फवारा.

नोझल गोठलंच तर काचेवर उकळतं पाणी ओतू नका, थंड काच तडकते. लायटर लावू नका, या लिक्विडमध्ये अल्कोहोल असतं. इंजिनचं कूलंट टाकीत घालू नका, ते विषारी आहे आणि काचेवर तेलकट पडदा धरतं. मोकळ्या जागेत इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, बॉनेटच्या उबेने नोझल सुटतं. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं नोझलवर धरलं तरी चालतं. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो. आणि बर्फ सुटेपर्यंत लिव्हर ओढायचं नाही.

तडकलेली टाकी बर्फ असेपर्यंत गळत नाही. खाली उतरल्यावर, ऊन मिळाल्यावर पुढच्या बंपरखाली थेंब पडताहेत का ते वाकून बघा. पडत असतील तर परतीच्या लांब पल्ल्याआधी मोटरचं रबरी बूच आणि टाकीचा तळ मेकॅनिककडून तपासून घ्या.