तीन आठवडे न उतरणारा ताप : मेडिसिन वॉर्डातील निवासी डॉक्टरांसाठी

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत मेडिसिनच्या वॉर्डात तापाचे रुग्ण बाराही महिने असतात आणि पावसाळ्यात तर खाटांच्या मधल्या जागेत गाद्या टाकाव्या लागतात. त्यांतील बहुतेकांचे निदान मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर किंवा क्षयरोग यांपैकी एक असते आणि ते लवकर हाती येते. हे लेखन उरलेल्या रुग्णांविषयी आहे, ज्यांचा ताप तीन आठवडे उलटूनही उतरत नाही, नेहमीच्या तपासण्यांतून काही निघत नाही आणि केस पेपरची चळत मात्र वाढत जाते. अशा रुग्णाचे निदान बहुधा दोन कारणांनी हुकते, असे माझे ठाम मत आहे. इतिहास एकदाच, दाखल करण्याच्या घाईत घेतला जातो, आणि ऊतीचा नमुना हाती येण्यापूर्वीच स्टेरॉइड किंवा क्षयरोगाची औषधे सुरू होतात.

अज्ञात कारणाच्या तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी 1961 मध्ये मांडली : अनेकदा 38.3 अंश सेल्सिअसच्या वर जाणारा, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही निदान न लागलेला ताप. 1991 मध्ये ड्युरॅक आणि स्ट्रीट यांनी आठवड्याची अट तीन दिवसांवर किंवा बाह्यरुग्ण विभागातील तीन भेटींवर आणली, आणि रुग्णालयात लागलेला ताप, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेल्यांचा ताप व एचआयव्ही असलेल्यांचा ताप हे वेगळे गट केले. तीन आठवड्यांची अट महत्त्वाची आहे, कारण साधे विषाणुजन्य ताप तोवर आपोआप ओसरलेले असतात. म्हणून सर्वप्रथम ताप खरोखर येतो का आणि कधी येतो, हे पाहावे. दर चार तासांनी नोंद केलेला तक्ता मिळावा यासाठी सिस्टरांशी स्वतः बोलावे, आणि दर सहा तासांनी ठरवून दिलेले पॅरासिटामॉल, रुग्णाला सोसवत असेल तर, बंद करून फक्त गरजेपुरते ठेवावे. ठरावीक वेळेच्या पॅरासिटामॉलमुळे तापाचा आलेख सपाट होतो आणि एक महत्त्वाचा पुरावा नाहीसा होतो.

इतिहास पुन्हा घेताना कोऱ्या कागदावर तारखांची रेघ आखावी. पहिल्या तापाचा दिवस, त्यानंतरचे प्रत्येक नवे लक्षण, प्रत्येक दवाखाना आणि तिथे मिळालेले प्रत्येक औषध त्या रेघेवर यायला हवे. रुग्णाच्या घरून औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या मागवाव्यात, कारण ‘पांढरी गोळी आणि एक इंजेक्शन’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. खोकल्यासाठी आठवडाभर दिलेले लेव्होफ्लॉक्सासिन क्षयरोगाला अर्धवट दाबून ठेवते आणि पुढचे कल्चर, म्हणजे नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, निष्फळ करू शकते. सांधेदुखीसाठी दिलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. औषधामुळे येणारा ताप हेही एक निदान आहे. ताप असूनही रुग्ण बऱ्यापैकी टवटवीत दिसत असेल, तापाच्या मानाने नाडी मंद असेल किंवा इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील, तर अनावश्यक औषधे थांबवावीत. असा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत जातो.

मुंबईचा पत्ता हा रुग्णाचा अर्धाच पत्ता असतो. गेल्या काही महिन्यांत तो गावी गेला होता का, कोणत्या जिल्ह्यात, आणि तिथे त्याने काय काम केले, हे विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. बिहार किंवा झारखंडहून आलेल्या रुग्णात प्लीहा मोठी आणि तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी असतील, तर काळा आजार (वालुमाशीमुळे पसरणारा परजीवीचा आजार) मनात आणावा. तबेल्यात काम करणाऱ्या किंवा कच्चे दूध पिणाऱ्या रुग्णात कंबर आणि सांधे दुखत असतील, तर ब्रुसेलोसिस या जनावरांपासून होणाऱ्या संसर्गाचा विचार करावा आणि नमुना पाठवताना प्रयोगशाळेला तसे आवर्जून कळवावे, कारण हा जंतू तेथील कर्मचाऱ्यांना लागू शकतो. लैंगिक संबंध, व्यसने आणि पूर्वीचा क्षयरोग यांविषयी नातेवाइकांना बाहेर थांबवूनच विचारावे. रुग्ण भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारा असेल, तर ती भाषा येणारी व्यक्ती शोधून आणावी. या कामात एक दुपार जाते, आणि ती गेलीच पाहिजे.

शारीरिक तपासणी रोज, डोक्यापासून पायापर्यंत आणि चांगल्या उजेडात करावी. स्क्रब टायफस या सूक्ष्म कीटकाच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा काळा खपलीसारखा व्रण काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा कमरपट्ट्याच्या जागी दडलेला असतो, तो कपडे बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. आणि तो सापडला की डॉक्सिसायक्लिनने ताप बहुतेक वेळा 48 तासांत उतरतो. हृदयात नव्याने ऐकू येणारा मर्मर, नखांखालच्या रक्तरेषा, पाठीच्या मणक्यांवर ठोकल्यावर येणारी कळ, वृषण, थायरॉइड, दातांची मुळे आणि प्रोस्टेट यांपैकी काहीही राहू नये. बाहुली विस्फारून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण शरीरभर पसरलेल्या क्षयरोगाच्या खुणा तिथे दिसू शकतात. प्रौढ वयातील स्टिल्स आजाराचे (सांधेदुखी आणि ताप आणणारा दाहाचा आजार) फिकट गुलाबी चट्टे संध्याकाळी ताप चढताना उमटतात आणि सकाळच्या राउंडपर्यंत मावळतात. म्हणून ताप चढण्याच्या वेळी ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टराने रुग्णाचे अंग उघडून पाहावे आणि जे दिसेल ते वेळेसह लिहून ठेवावे.

तपासण्यांच्या बाबतीत माझा आग्रह आहे की आधी साध्या तपासण्या नीट व्हाव्यात. रक्ताची काच (स्मीअर) सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावी. रक्ताचे कल्चर प्रतिजैविकाआधी, वेगवेगळ्या जागांवरून दोन ते तीन वेळा आणि प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त घेऊन पाठवावे. दोन मिलिलिटर रक्तावर आलेला ‘वाढ नाही’ हा अहवाल फारसा उपयोगाचा नसतो. एकाच नमुन्यावरच्या विडाल चाचणीवरून विषमज्वर ठरवू नये. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांवर भारत सरकारने 2012 मध्येच बंदी घातली आहे. मांटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्तावरची) चाचणी क्षयरोगाच्या जंतूचा संसर्ग कधी तरी झाला होता एवढेच सांगते, आजचा ताप त्याचाच आहे असे सांगत नाही. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे) किंचित पॉझिटिव्ह आले म्हणून ल्युपस हा स्वप्रतिकारक आजार ठरत नाही. पेट-सीटी स्कॅनमुळे निदानाचे नाव क्वचितच मिळते; त्याचा खरा उपयोग बायोप्सी (ऊतीचा तुकडा) कुठून घ्यायची ते कळण्यासाठी आहे, आणि तो याच प्रश्नासाठी मागवावा.

ऊतीचा नमुना हा या साऱ्या कामाचा कणा आहे. मानेतील किंवा काखेतील गाठ हाताला लागत असेल, तर केवळ सुईच्या तपासणीवर न थांबता शक्य तेव्हा ती अख्खी काढून घ्यावी, कारण लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) प्रकार ठरवायला गाठीची रचना दिसावी लागते. ऑपरेशन थिएटरमध्ये स्वतः हजर राहावे आणि नमुन्याचे दोन भाग करून घ्यावेत : एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूची जनुकीय चाचणी), क्षयरोगाचे लिक्विड कल्चर, इतर जिवाणू आणि बुरशी यांच्यासाठी. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की कल्चरचा मार्ग बंद होतो, आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग असलेल्या या शहरात ते नुकसान भरून निघत नाही. बोनमॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) करतानाही कल्चरचा नमुना विसरू नये. तरुण स्त्रीच्या मानेत दुखऱ्या गाठी आणि ताप असेल, तर पॅथॉलॉजिस्टला किकुची आजाराची (लसिका ग्रंथींचा दाह) शंका कळवावी. हा आजार बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरा होतो, पण बायोप्सी न करता त्यावर सहा महिने क्षयरोगाची औषधे दिली गेली, तर रुग्ण ‘बरी झाली’ असे वाटते आणि चूक कधीच उघडकीला येत नाही.

मेलिऑइडोसिस या मातीतल्या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराकडे मी विशेष लक्ष वेधतो. मधुमेह असलेला, कोकणात किंवा कर्नाटकच्या किनाऱ्यालगत भाताच्या लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेला रुग्ण ताप, न्यूमोनिया किंवा यकृत-प्लीहेतील गळू घेऊन येतो आणि त्याच्यावर क्षयरोगाचा शिक्का बसतो. कल्चरमध्ये जंतू वाढतो, पण ‘स्यूडोमोनास’ म्हणून तो बाजूला पडू शकतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम-निगेटिव्ह जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नसेल, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला देत असेल, तर मायक्रोबायोलॉजीत स्वतः जाऊन बोलावे. उपचार लांबलचक आहे : किमान दोन आठवडे शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम आणि त्यानंतर किमान तीन महिने कोट्रायमॉक्साझोल. दुसरा टप्पा अर्धवट सोडला, तर आजार उलटतो.

काही प्रसंगी मात्र थांबणे घातक असते. ताप वाढत असताना रक्तपेशी घटत जाणे, प्लीहा वाढणे आणि फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) हजारोंच्या घरात जाणे, हे एचएलएच या भडकलेल्या प्रतिकारप्रक्रियेचे चित्र असू शकते. दर डेसिलिटर रक्तात उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड 265 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, किंवा फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) 150 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असणे हा त्याच्या आठ निकषांपैकी एक आहे, आणि निदानासाठी आठांपैकी पाच लागतात. सीआरपी आणि ईएसआर या दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्या आहेत; सीआरपी वाढत असताना ईएसआर अचानक खाली येणे ही दिलासा देणारी गोष्ट समजू नये. ते फायब्रिनोजेन घटल्याचे लक्षण असू शकते. बोनमॅरो त्याच दिवशी करावा, मुळाशी लिम्फोमा, विषाणू, क्षयरोग, स्क्रब टायफस किंवा काळा आजार आहे का ते शोधावे, आणि रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने डेक्सामेथासोन सुरू करावे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाची दाट शंका असेल तर पाठीतील पाणी काढून लगेच उपचार द्यावेत. न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाला कल्चर घेताच प्रतिजैविक मिळाले पाहिजे. या प्रसंगांखेरीज, स्थिर रुग्णाला ‘काहीतरी द्यायला हवे’ म्हणून स्टेरॉइड देऊ नये. त्याने दोन दिवस ताप उतरतो, घरचे आनंदतात, आणि लिम्फोमाची बायोप्सी वाचता न येण्याजोगी होते.

नमुने मिळूनही निदान न लागता क्षयरोगाचे औषध अंदाजाने सुरू करण्याची वेळ कधी येतेच. तेव्हा सुरू करण्याचे कारण, तारीख आणि प्रतिसाद कशावरून ठरवणार हे केस पेपरवर लिहावे. क्षयरोगातही ताप उतरायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून चार दिवसांत औषध बदलू नये, आणि दोन महिन्यांनंतरही सुधारणा नसताना ते तसेच चालूही ठेवू नये.

किशोरवयापासून वारंवार खोल गळवे, विचित्र बुरशीचे संसर्ग किंवा बीसीजीच्या जागी पसरलेला आजार अशी पार्श्वभूमी असल्यास जन्मजात प्रतिकारदोषाची शंका घ्यावी. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत यावर काम होते, आणि 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली केईएम हे उत्कृष्टता केंद्रही आहे.

घरच्यांशी युनिटमधील एकाच डॉक्टराने, ठरलेल्या वेळी बोलावे. ‘अजून निदान झालेले नाही, आज अमुक तपासणी आहे, तिचे उत्तर साधारण इतक्या दिवसांनी येईल’ एवढे स्पष्ट सांगितले, तर लोक धीर धरतात. क्षयरोगाच्या लिक्विड कल्चरचा अंतिम अहवाल सहा आठवड्यांपर्यंत लांबू शकतो, हे आधीच सांगावे. महागडी बाहेरची तपासणी लिहिण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा विभागाची गाठ घालून द्यावी आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते त्यांच्याकडून तपासून घ्यावे.

निदानाविना घरी सोडावे लागले, तर डिस्चार्ज कार्डवर केलेल्या तपासण्या, पाठवलेली पण उत्तर न आलेली कल्चर्स आणि कोणती लक्षणे आल्यास लगेच परतायचे हे मराठीत किंवा रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत लिहावे. बायोप्सीचा ब्लॉक क्रमांकही त्यावर नोंदवावा. मेणातील तो ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, आणि ताप पुन्हा आला तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच नव्या काचा काढून पाहता येतात.