खान्देशी उन्हाळ्यासाठी पेल्टिअर कूलर: आधी उष्णतेचा हिशेब

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे २५ अंशांची खोली गृहीत धरून बनवलेला पेयांचा छोटा पेल्टिअर कूलर (वीज दिल्यावर एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चपट्या मॉड्यूलवर चालणारा) इथे कोमट पाणीच देतो. म्हणून पेटी कापण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा.

दोन लिटर पाणी ४५ अंशांवरून २० अंशांवर तीन तासांत आणायचे, तर सरासरी १९ वॅट उष्णता काढावी लागते. शिवाय भिंतींतून आत येणारी वेगळी: ०.४ चौरस मीटर पृष्ठभागाच्या पेटीला २५ मिलिमीटर थर्माकोल लावल्यास ती सुमारे १४ वॅट होते, ४० मिलिमीटर लावल्यास ९. इथे काटकसर करू नये.

१२७०६ या प्रकारच्या पेल्टिअर मॉड्यूलच्या माहितीपत्रकावरील ५०-६० वॅटचा आकडा दोन्ही बाजूंचे तापमान सारखे असतानाचा आहे. गरम बाजू ५८ आणि थंड बाजू १५ अंशांवर असताना जेमतेम १५ ते २० वॅट हाती लागतात, म्हणजे १९ आणि ९ मिळून होणारा २८ वॅटचा भार त्याला झेपत नाही. दुसरे मॉड्यूल आणण्याआधी मी माठाकडे वळेन. कोरड्या हवेत माठातले पाणी २८ अंशांच्या आसपास येते. तेच भरले तर एकूण भार १५ वॅटवर उतरतो.

मात्र ही उष्णता आणि मॉड्यूलने खाल्लेली सुमारे ५० वॅट वीज, दोन्ही हीटसिंकनेच (गरम बाजूला लावलेल्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याने) बाहेर टाकायची असतात. पंख्यासह दर वॅटला ०.२ अंश तापणारा हीटसिंक हवेपेक्षा १३ अंश वर राहतो, ०.५ अंशवाला स्वस्त हीटसिंक ३२ अंश वर जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. घरातल्या डेझर्ट कूलरच्या झोतात तो ठेवता आला तर उत्तमच.

मॉड्यूल आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट (उष्णता नीट जाऊ देणारा लेप) पातळ लावून, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळून, एकदा जोड उघडून पाहावा. पेस्टचा ठसा एका कडेला दाट पांढरा आणि दुसरीकडे विरळ दिसला, तर मॉड्यूल तिरके बसले आहे. पहिल्या खेपेला मी स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशर घातले नव्हते, त्यामुळे गरम बाजूची उष्णता त्या लोखंडातूनच थंड बाजूला परतत होती. दव आत शिरू नये म्हणून मॉड्यूलच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात.

मॉड्यूल झाकणातच बसवावे, कारण गार हवा आपोआप खाली उतरते. दुसरे कारण भारनियमनाचे: वीज गेल्यावर त्याच मॉड्यूलमधून सगळ्या भिंतींपेक्षा जास्त उष्णता आत शिरते, तेव्हा ते झाकण काढून थर्माकोलचे साधे झाकण लावता येते.