बिलिंग मशीनमध्ये माल भरण्याआधी: सांगलीतल्या किराणा दुकानाची तयारी

सॉफ्टवेअर बसवायला माणूस यायच्या आधीच दुकानातला सगळा माल वहीत उतरवून ठेवा. मशीनपुढे बसून एकेक वस्तू आठवत भरली की करदर अंदाजानं पडतात, आणि तो अंदाज रोज प्रत्येक बिलावर छापून जातो.

पहिली चौकशी करसल्लागाराकडे: आपली जीएसटी नोंदणी नियमित आहे की कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना)? कंपोझिशन असेल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि 'टॅक्स इन्व्हॉइस'ऐवजी 'बिल ऑफ सप्लाय', म्हणजे कर न लावलेलं बिल, द्यावं लागतं. ही सेटिंग सुरुवातीलाच बरोबर हवी.

वहीत वस्तूचं नाव, किलो की नग, एमआरपी, विक्रीचा भाव, एचएसएन (जीएसटीसाठी वस्तूच्या प्रकाराला दिलेला क्रमांक) आणि करदर असे रकाने आखा. एचएसएन आणि दर खरेदीच्या बिलावरून घ्या, पण ते बिल 22 सप्टेंबर 2025 नंतरचं असू द्या. त्या दिवसापासून शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं 18 टक्क्यांवरून 5 वर आली, तूप 12 वरून 5 वर. अंगाचा साबणही 5 वर आला, कपडे धुण्याची पावडर मात्र 18 वरच राहिली. म्हणून 'साबण-पावडर' असा एकच गट करून एकच दर लावू नका.

खरा वेळ द्यायचा तो सुट्या आणि पॅकबंद मालाला. ढेपेतून फोडून तोललेल्या गुळावर कर नाही. तोच गूळ लेबल लावलेल्या किलोच्या पुड्यात आला की 5 टक्के. डाळी, तांदूळ, पीठ यांचंही तसंच, 25 किलोपर्यंतच्या पॅकिंगला. तुम्ही स्वतः मागच्या खोलीत पुडे बांधून दुकानाचं लेबल चिकटवत असाल, तर तेही पॅकबंदच. त्यामुळे 'गूळ सुटा' आणि 'गूळ पॅक' अशा दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळे कोड. आपल्याकडे भडंगाच्या दुकानात हे नीट बघावं लागतं: साधे सुटे चुरमुरे करमुक्त, लेबल लावून पॅक केलेले 5 टक्के आणि तयार भडंग सुटा असो वा पुड्यात, 5 टक्केच. ओली हळद करमुक्त, वाळलेली हळकुंडं आणि पूड 5. बेदाणा तासगावच्या शेतकऱ्याकडून थेट घेताना त्यानं जीएसटी लावला नाही, तरी नियमित नोंदणीच्या दुकानातून विकताना 5 टक्के लागतोच.

एमआरपीच्या मालाला 'किंमत करासह' ही खूण प्रत्येक वस्तूवर तपासा. 5 टक्के कराच्या 105 रुपयांच्या पुड्यात 100 मूळ किंमत आणि अडीच-अडीच रुपये केंद्राचे व राज्याचे. खूण सुटली तर मशीन 105 वर पुन्हा कर चढवून 110.25 मागतं. एमआरपीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो वेगळाच.

एकाच वस्तूचा जुना-नवा एमआरपी फडताळावर असेल तर बॅचनुसार भाव भरा. भाव आणि करदर बदलण्याचा पासवर्ड मालकाकडेच ठेवा. गल्ल्यावरच्या पोराला फक्त बिल करता यावं.

सुरू करण्याच्या आदल्या रात्री सुटा गूळ, पॅक गूळ, धुण्याची पावडर आणि भडंग यांचं एक चाचणी बिल काढा, करदराचे रकाने हातानं ताळून बघा, आणि जुळल्यावर ते बिल रद्द करून पूर्ण डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.