काउबॉईजचे रिसीव्हर आणि किकर: फँटसी संघात कोणाला, कधी घ्यावं

अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) फँटसी ड्राफ्टला, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायला, बसण्याआधी तुमच्या लीगच्या सेटिंगमध्ये एकच गोष्ट शोधा: एका झेलाला किती गुण? पूर्ण एक (म्हणजे पीपीआर), अर्धा, की काहीच नाही. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये नेण्याला) सहा हे बहुतेक लीगमध्ये सारखंच असतं. फरक पडतो तो झेलाने. डॅलस काउबॉईजच्या रिसीव्हरांच्या (चेंडू झेलणाऱ्यांच्या) बाबतीत तर फारच पडतो, कारण त्यांचे दोन मोठे रिसीव्हर दोन वेगळ्या प्रकारांनी गुण कमावतात.

सीडी लॅम्बचा २०२३ चा हंगाम घ्या: १३५ झेल, १,७४९ यार्ड, १२ टचडाउन. पीपीआरमध्ये नुसत्या झेलांच्या खेळातून ३८१.९ गुण होतात, झेलाला शून्य गुण असतील तर २४६.९. त्याच वर्षी दुसरा रिसीव्हर जॉर्ज पिकन्स पिट्सबर्गच्या संघात होता. त्याचे ६३ झेल, १,१४० यार्ड, ५ टचडाउन. एका झेलामागे सरासरी १८.१ यार्ड, त्या हंगामात एनएफएलमध्ये सर्वाधिक. त्याचे गुण पीपीआरमध्ये २०७, शून्यात १४४. म्हणजे दोघांमधलं अंतर पीपीआरमध्ये १७५ च्या घरात आणि झेलाला गुण नसताना १०३ च्या आसपास. लॅम्ब झेलांवर जगतो, पिकन्स लांब चेंडूंवर. म्हणून पीपीआरमध्ये लॅम्बसाठी वरची निवड खर्च करा. झेलाला गुण नसतील तर पहिल्या फेरीत रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेऊन पुढच्या फेरीत पिकन्सकडे वळणं जास्त शहाणपणाचं.

क्रिकेटच्या फँटसीतून येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे एकच खेळाडू हजारो जणांच्या संघात असतो. इथे ड्राफ्ट लीगमध्ये तो फक्त एकाचाच. हातचा गेला की हंगामभरासाठी गेला, त्यामुळे दुसरा आणि तिसरा पर्याय आधीच लिहून ठेवा.

पिकन्स मे २०२५ मध्ये ट्रेडने डॅलसला आला आणि त्या हंगामात ९३ झेल, १,४२९ यार्ड, ९ टचडाउन करून गेला. झेलांचा आकडा पिट्सबर्गपेक्षा कितीतरी वर गेला, यातली मेख समजून घ्या. लॅम्बला शिकागोविरुद्ध तिसऱ्या आठवड्यात घोट्याची दुखापत झाली आणि पुढचे तीन सामने तो बाहेर होता. लगेचच्या ४०-४० अशा बरोबरीत सुटलेल्या ग्रीन बेच्या सामन्यात पिकन्सचे ८ झेल, १३४ यार्ड, २ टचडाउन: पीपीआरमध्ये ३३.४ गुण. एक जण बाहेर गेला की दुसऱ्याची टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले चेंडू) वाढतात. दोघेही धडधाकट असताना मात्र एकाच क्वार्टरबॅकचे (चेंडू फेकणाऱ्याचे) चेंडू वाटून घ्यायचे असतात. दोघांनाही एकाच संघात घेणं चूक नाही, पण मग दोघांचाही मोठा दिवस एकाच आठवड्यात येईल असं धरू नका. आणि क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट जखमी झाला तर दोघे एकदम खाली येतात, हा धोका पत्करूनच घ्या.

हा धोका २०२४ मध्ये दिसला. प्रेस्कॉट आठ सामन्यांनंतर मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने बाहेर पडला. लॅम्ब १५ सामन्यांत १०१ झेल, १,१९४ यार्ड आणि सहाच टचडाउनवर थांबला. टचडाउन निम्मे झाले!

आता किकर. ब्रँडन ऑब्री आधी व्यावसायिक सॉकरपटू, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि २०२३ मध्ये काउबॉईजमध्ये. पहिल्याच हंगामात ३८ पैकी ३६ फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन गुण) आणि ४९ एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउननंतरची किक, एक गुण), म्हणजे १५७ गुण. २०२४ मध्ये, म्हणजे प्रेस्कॉट अर्धा हंगाम नसताना, ४७ पैकी ४० फील्ड गोल आणि ३० एक्स्ट्रा पॉइंट: १५० गुण. टचडाउन घटले म्हणून एक्स्ट्रा पॉइंट १९ ने कमी झाले, पण एंड झोनपर्यंत न पोचलेला संघ फील्ड गोल मारत राहिला. क्वार्टरबॅक गेला की रिसीव्हर कोसळतात, ऑब्री फारसा हलत नाही. तुमच्या संघात लॅम्ब किंवा पिकन्स असेल तर ऑब्री त्याला चांगला जोडीदार ठरतो तो यामुळेच.

त्याचा खरा दाम अंतरात आहे. २०२४ मध्ये त्याने ५० यार्डांपलीकडून १४ गोल मारले. बाल्टिमोरविरुद्धचा एक तर ६५ यार्डांवरून. ५० च्या पुढे पाच गुण देणाऱ्या लीगमध्ये एवढ्यांचेच ७० होतात. पण चुकलेल्या किकला उणे एक असेल तर त्या वर्षीचे सात वजा करा. तरीही किकरसाठी शेवटच्या दोन फेऱ्यांपेक्षा वर जाऊ नका. अपवाद एकच: लीग प्रत्येक यार्डाला ०.१ गुण देत असेल तर एक-दोन फेऱ्या आधी उचला.

तिसऱ्या रिसीव्हरवर फार भिस्त ठेवू नका. २०२४ मध्ये जेलन टोल्बर्टचे ७ टचडाउन होते, पण झेल फक्त ४९. कव्हाँटे टर्पिन किकऑफ परतवून टचडाउन करतो. ते गुण खेळाडूला मिळतात की फक्त बचाव फळीला, हे लीगच्या नियमांत पाहूनच त्याला घ्या.

दर आठवड्याला बुधवार ते शुक्रवार सरावाचा अहवाल येतो. शुक्रवारीही सराव न केलेला रिसीव्हर बाहेर बसणार असं धरूनच पर्याय ठेवा. घोट्याच्या वरच्या भागाची दुखापत असेल तर परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात फार अपेक्षा नको. पळताना वळणं घेताना पाय साथ देत नाही. अंतिम यादी सामन्याच्या दीड तास आधी लागते. काउबॉईज पुष्कळदा पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार ४:२५ ला खेळतात. भारतात तेव्हा रात्रीचे १:५५ असतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे गेलं की २:५५. झोपण्याआधी यादी पाहता येणार नसेल तर खेळण्याबद्दल शंका असलेला खेळाडू बेंचवर ठेवलेला बरा.

थँक्सगिव्हिंगला काउबॉईज घरच्या मैदानावर खेळतात. भारतात तो शुक्रवारी पहाटे तीनचा सामना. गुरुवारी खेळणाऱ्या रिसीव्हरला फ्लेक्सच्या (रिसीव्हर, रनिंग बॅक किंवा टाइट एंड यांपैकी कोणीही चालणाऱ्या) जागी बसवू नका, रिसीव्हरच्याच जागी बसवा. तसं केलं तर रविवारी कोणी ऐनवेळी बाहेर पडल्यास फ्लेक्समध्ये रनिंग बॅक किंवा टाइट एंडही घालता येतो.